घरातल्या पोस्टाचा संप

माणसानं संप करावा तर घरापासून लांबच्या कचेरीत करावा. कचेरीला कुलूप, माणूस घरी, म्हणजे लोकांना निदान कळतं तरी. कडूबाची पंचाईत अशी की त्याचं पोस्ट त्याच्या घरातच होतं. डाकघराला जागा डाकसेवकानंच द्यायची, ही खात्याची जुनी रीत. त्यामुळं चितेगावच्या आतल्या अंगाला असलेल्या तांबेवाडीचं पोस्ट म्हणजे कडूबाच्या घराची रस्त्याकडची खोली. पुढचं दार रस्त्यावर उघडायचं, मागचं त्याच्या स्वयंपाकघरात. संप सुरू झाला तसं त्यानं पुढच्या दाराला कुलूप घातलं, वर 'कायम करा, पेन्शन द्या' असा संपाचा कागद चिकटवला आणि अंगणात शेरडांना पाला टाकताना अख्ख्या गावाला दिसत राहिला.

"घरीच तर हायेस की मर्दा! उघड की दार," येणारा-जाणारा म्हणायचा.

"संप हाय."

"मंग घरी काय करायला?"

कडूबा पाला टाकत राही.

चहाच्या टपरीवर तर रोजच त्याच्या नावानं शिमगा. चिकलठाण्याच्या कंपनीत ठेकेदाराकडं लागलेला राजकुमार त्यात सगळ्यांच्या पुढं. "आमी बारा-बारा तास मशिनीपुढं उभे ऱ्हातो. आज हाये, उद्या नाय. अन् ह्यांना पाच तासाच्या कामाला पेन्शन पायजे! पार्सलवाला गाडीवर येतो, हातात देऊन जातो. पोस्ट लागतंय कोणाला?"

राजकुमारचं चुकत होतं असंही नाही. कागदावर कडूबाचं काम पाच तासांचंच होतं. पूर्वी तेवढ्यात भागायचंही. सकाळी तो पारावर थैली घेऊन बसायचा, दूध घालून परतणारी माणसं आपापलं टपाल घेऊन जायची, शेजाऱ्याचंही नेऊन द्यायची. आता खात्याच्या मोबाईलवर दारोदारची नोंद, दारापुढचा फोटो. मेंढरांमागं शिवार पालथं घालणाऱ्यांच्या दारांना कुलपं. मग त्यांच्या घरी पुन्हा चक्कर, पुन्हा फोटो. वर विमे काढा, खाती उघडा. नेटवर्क नसलं की टेकडीवर जाऊन उभं राहा. कामाचा उंट झाला आणि तास मात्र शेळीचेच राहिले. एकदा त्यानं टपरीवर हे सांगून पाहिलं.

"मंग सोडा की मास्तर," राजकुमार म्हणाला. "लायनीत लई पोरं उभी हायेत."

तेही खरंच होतं, म्हणून कडूबा चहा तसाच ठेवून उठला.

मागच्या संपात त्यानं नोटिशीच्या धाकानं मधेच दार उघडलं होतं. तेव्हा सगळ्या डाकसेवकांनी त्याला फितूर म्हटलं. एक रत्नमाला तेवढी बोलली नव्हती. ती चितेगावकडची डाकसेविका, आता शहरात धरणं धरून बसलेल्यांची म्होरकी. या खेपेला त्यानं तिला शब्द दिला होता, "ताई, मी मागं सरणार नाय." रिटायर व्हायला फार दिवस उरले नव्हते. कायम झालो तर म्हातारपणी चार घास सुखाचे, नाहीतर इतकी वर्षं राबून हात हालवत घरी, हे त्याला कळत होतं. आणि त्याहून जास्त, एकदा गेलेली अब्रू दुसऱ्यांदा जाऊ द्यायची नव्हती.

अशात एका संध्याकाळी खंडेराव मागच्या दारानं आला. भावकीतला, बांधाला बांध लागलेला. मागं त्याची लेक तनुजा, मान खाली घालून उभी.

"मास्तर, पोरीला नर्सच्या नोकरीचा कॉल हाय. स्पीड पोस्टानं धाडलाय म्हणत्येत. तुमच्याकडं आलाय का?"

आला होता. संपाच्या आदल्या दिवशीच्या थैलीतच आला होता आणि कपाटात पडून होता. कडूबाची नजर पोस्टाच्या दाराकडं गेली.

"तो कागद दाखविल्याबिगर आत घेत नाय म्हणं. पोरीच्या जल्माचा सवाल हाय, मास्तर." खंडेरावानं टोपी काढून हातात घेतली.

चुलीपुढून भामाबाई, कडूबाची बायको, म्हणाली, "द्या हो. आपल्याच अंगणात खेळलेली पोर हाय. कोण बघतंय?"

कोणीच बघत नव्हतं. कडूबानं स्वयंपाकघराकडचं दार उघडलं, पाकीट काढलं. तेवढं तिच्या हातात ठेवून कपाट लावलं असतं, तरी गोष्ट तिथंच संपली असती. पण नोंदीशिवाय सहीचं टपाल हातातून सोडायचं त्याला ठाऊकच नव्हतं. जेवायला बसण्याआधी हात धुवावा, तसा त्यानं खात्याचा मोबाईल उघडला, तनुजाची सही घेतली आणि पोच टाकली. एरवी टेकडीशिवाय न लागणारं नेटवर्क त्या संध्याकाळी घरात बसल्या जागी लागलं.

दुसऱ्या दिवशी रत्नमालाचा फोन आला.

"कडूबाभाऊ, कालच्या नोंदीनं तुमची हजेरी लागली. सायबानं समद्यांना दाखवलं. म्हणला, तुमचेच लोक कामावर हायेत, तुमी कशाला ऊन खाता? पाच-सहा जण उठून गेले."

त्यानं घडलं ते सांगितलं.

"मला पटतं, भाऊ," शेवटी ती म्हणाली. "पण मी कोणाकोणाला पटवू? तुमी आता इकडं येऊ नका. पोरं तापलीत. कोणी तुमच्या अंगावर धावून आलं तर मला बघवायचं नाय."

कडूबाला रडू आलं. भामाबाईसमोर नको म्हणून तो शेरडांकडं गेला.

संपाचं पुढं जे व्हायचं तेच झालं. आश्वासन मिळालं, मंडप निघाला. कडूबानं पुढच्या दाराचं कुलूप काढलं, पण गाव आता वेगळ्याच कारणानं पेटलं होतं. तनुजाला कॉल संपातच मिळाल्याचं गावभर झालं होतं, आणि संपात कोणाचं बियाण्याचं पार्सल अडकलं होतं, कोणाचं आधार कार्ड. "भावकीला मागचं दार अन् आमाला कुलूप!" जो तो म्हणत होता. ग्रामसभेत राजकुमारनं ठराव मांडला: पोस्ट कडूबाच्या घरातून काढावं, माणूस बदलावा, तसं खात्याला लिहावं.

कडूबानं खंडेरावाकडं पाहिलं. एक शब्द पुरे होता. पोरगी नोकरीवर रुजू झाली होती, पेढे गावभर वाटले होते. खंडेराव उठला तसा कडूबाच्या जिवात जीव आला.

"मास्तरांचे माझ्यावर उपकार हायेत, नाय म्हणत नाय," खंडेराव म्हणाला. "पण खरं ते बोलावं मानसानं. मास्तर, तुमचा संप खरा असता, तर तुमी माझ्यासाठीबी दार उघडलं नसतं. अन् उघडायचंच होतं, तर समद्यांसाठी उघडायचं."

एवढं बोलून त्यानं ठरावाच्या बाजूनं हात वर केला. मग बाकीचे हात वर गेले. कडूबा खाली बसून त्या हातांकडं बघत होता. खंडेराव खोटं बोलला असता तर त्याला भांडता तरी आलं असतं.