एक मीटर दहा

माझी मुलगी इरावती गेली त्या शनिवारी ती रस्त्यावर का होती, हे फक्त मला माहीत होतं. माझी बायको लीना समजत होती की तिलाही माहीत आहे. तिची समजूत चुकीची होती, आणि दहा महिने मी ती तशीच राहू दिली.

लीनाचं म्हणणं असं. दिवाळीचा फराळ तिने आखातातल्या आमच्या अरादहून इंग्लंडला पाठवला. तो उशिरा पोचला, इरावती घरी नव्हती, म्हणून पोस्टमन दारात चिठ्ठी टाकून गेला. शुक्रवारी लीना तिला फोनवर म्हणाली, "उद्याच डेपोत जाऊन घेऊन ये गं, चकल्या मऊ पडतील." शनिवारी इरावतीची गाडी बर्फ धरलेल्या रस्त्यावरून घसरली आणि झाडावर गेली. "चकल्यांपायी गेली माझी पोर," असं लीना म्हणते. रडत नाही, नुसतं म्हणते. जानेवारीत तो खोका कोणी न उचलल्यामुळे परत आला. तिने तो न उघडता कपाटावर ठेवला. तेव्हापासून आमच्या घरात कढई चढलेली नाही.

आता माझं ऐका. त्याच शुक्रवारी, लीनाच्या आधी, इरावतीने मला फोन केला होता.

जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढायचं तिचं काम. तेव्हा ती तिथल्या सफोक भागातलं एक शेतघर मोजत होती. घर चारशे वर्षांचं, सरकारी यादीत संरक्षित, परवानगीशिवाय त्याचा खिळाही हलवायचा नाही. ओकच्या तुळयांचा सांगाडा, मधे माती आणि पेंढ्याचा गिलावा, आणि एकही कोपरा काटकोनात नाही. त्या घराचं तिला वेड लागलं होतं.

"बाबा, इट्स नॉट क्लोजिंग," ती म्हणाली. "बाहेरून फोर्टीन ट्वेंटी. आत भिंतींची जाडी धरून सगळं मिळून थर्टीन टेन. वन पॉइंट वन मीटर इज जस्ट गॉन."

मी इथे मनामा शहरात तीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे. आमच्याकडे भिंत म्हणजे वीस सेंटिमीटरचा ब्लॉक, दोन्हीकडून प्लास्टर, खलास. बेरीज जुळत नाही म्हणजे मोजणारा चुकला, एवढंच मला ठाऊक. इरावती नऊ वर्षांची असताना याच फ्लॅटमध्ये मी तिच्या हातात टेप दिला होता. आतून मोज, बाहेरून मोज, बेरीज जुळली तर आइस्क्रीम. नाही जुळली तर परत मोज. ती रडकुंडीला यायची, पण परत मोजायची.

"टेप सैल धरला असशील," मी म्हणालो.

"आय डिडन्ट."

"मग आकडा चुकीचा लिहिला असशील. लोकांचं घर आहे ते, भातुकली नाही. उद्या जा आणि परत मोज."

"बाबा, सगळीकडे आइस आहे. आय विल गो मंडे."

"सोमवारपर्यंत आळस वाढेल तुझा. उद्याच जा."

हे वाक्य माझं. अरादच्या सोफ्यावर बसून मी सफोकची भिंत मोजत होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पोस्टाचा डेपो तिच्या गावाच्या पूर्वेला, शेतघर पश्चिमेला. अपघाताचे कागद आले ते मीच वाचले. लीनाने त्यांना हात लावला नाही. रस्ता पश्चिमेचा होता. आधी म्हटलं, दिवसकार्य होऊ दे, मग सांगू. मग म्हटलं, जरा सावरू दे. मग एकदा लीना शेजारच्या बाईंना ते चकल्यांचं वाक्य म्हणाली आणि मी तिच्या बाजूला बसून चहा प्यायलो. त्यानंतर सांगायचं तोंडच राहिलं नाही.

एप्रिलमध्ये इरावतीच्या ऑफिसातल्या हेलनची मेल आली. गाडीत सापडलेली साइटची वही पोलिसांनी त्यांच्याकडे दिली होती. शेतघराचे नकाशे अर्धवट होते. वही कुठे पाठवू, असं तिने विचारलं. मी माझ्या ऑफिसचा पत्ता दिला आणि लिहिलं, नकाशे मीच पूर्ण करतो. बापाचं प्रेम, असं हेलनला वाटलं असणार. प्रेम होतंच, नाही कशाला म्हणू? पण मला चूक शोधायची होती. तिची. ती एक मीटर दहाची चूक सापडली असती, तर मी तिला परत पाठवलं ते बरोबर ठरलं असतं. मेलेल्या मुलीच्या वहीत मी माझी सुटका शोधायला बसलो होतो. मला माझी लाज वाटते.

शनिवारी आमच्या ऑफिसात कोणी नसतं. मी वही उघडली. शिसपेन्सिल, आणि सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ, मी शिकवलेली. सवयीने मी कॉम्प्युटरवर रेषा सरळ ठेवणारं बटण दाबलं. भिंती काटकोनात आल्या आणि ते तिचं घर राहिलंच नाही. बटण काढलं. तिने लिहिलं होतं तसं वाकड्याला वाकडं काढत गेलो. खाली दोन खोल्या, मधोमध भलंमोठं विटांचं धुराडं, वर माळा. मी कधी न पाहिलेलं घर तिच्या आकड्यांतून उभं राहायला लागलं. चार शनिवार मी चूक शोधली, एकेक खिडकी, एकेक चौकट, कर्णसुद्धा. सगळं बसत होतं.

शेवटचं पान मी राखून ठेवलं होतं. त्यावर त्या शनिवारची तारीख होती. वेळ, अकरा चाळीस. तिने सगळी मापं पुन्हा घेतली होती. आतली बेरीज तेरा दहा. खाली लिहिलं होतं, 'सेम. नॉट द टेप. टेल बाबा.'

मी रडलो. मोठ्याने रडलो, ऑफिस रिकामं आहे असं समजून. पण हमीद विसरलेला चार्जर न्यायला आला होता. रत्नागिरीचा हा माणूस वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतोय. माझं थांबल्यावर तो टेबलाजवळ आला. मग त्याने स्क्रीन पाहिला, वही पाहिली, आकडे स्वतः मिळवून पाहिले.

"शिरीषभाऊ, पोरीचं माप बरोबर हाय," तो म्हणाला. "भिंतीतच कायतरी हाय. आमच्या घरात भाताची कोठी अशीच भिंत घालून बुजवलेली."

एवढी साधी गोष्ट. चारशे वर्षांत घरात काहीतरी बुजवलं जातं, हे आम्हा ब्लॉकवाल्यांच्या डोक्यात येत नाही. मी धुराड्याला लागून एक मीटर दहाची जागा तुटक रेषेने दाखवली, 'पोकळी असावी' असं लिहिलं आणि नकाशे पाठवून दिले.

परवानगी मिळायला उन्हाळा गेला. मग त्यांनी गिलाव्याला बोटाएवढं भोक पाडून आत कॅमेरा घातला. गेल्या शुक्रवारी हेलनने फोटो पाठवला. आत जिना होता. धुराड्याला वळसा घालून वर जाणारा लाकडी जिना, दोन्ही तोंडांना बंद केलेला. पायऱ्या मधे झिजलेल्या. हा जिना इरावतीने शोधला, असं अहवालात नाव घालून लिहिणार आहोत, हेलनने कळवलं होतं.

मी लीनाला फोटो दाखवला. लेकीचं नाव आलं होतं, ते तिच्यापासून कसं लपवायचं? तिने चष्मा मागितला. फोटो मोठा करून एकेक पायरी पाहिली आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा हसली.

"शहाणी गं माझी," ती फोटोला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तिला कसं कळलं हो?"

"मापांवरून. पहिल्याच खेपेला बरोबर मोजलं होतं तिने."

"पहिल्याच म्हणजे? परत कधी गेली होती ती?"

तिने सहज विचारलं होतं. मी काहीही सांगू शकलो असतो. मी बॅगेतून वही काढली, शेवटचं पान उघडून तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिचा मला आलेला फोन, बर्फ, सोमवार, पूर्व आणि पश्चिम.

लीनाने पानावरच्या वेळेवर बोट ठेवलं.

"अकरा चाळीस," ती म्हणाली. "डेपो शनिवारी बाराला बंद व्हायचा. चिठ्ठीवरची वेळ मीच तिच्याकडून वाचून घेतली होती. म्हणजे डेपोत जायचं तिच्या मनातच नव्हतं." मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी रोज म्हणायचे, तेव्हा?"

"हो."

"रोज?"

"हो, लीना."

ती उठली. स्टूल ओढलं, कपाटावरचा खोका खाली घेतला आणि सुरीने त्याची पट्टी कापली. आत पिशवी, तिच्या आत आणखी एक पिशवी, दोन्हींची तोंडं मेणबत्तीवर चिकटवलेली. उघडल्यावर खवट तेलाचा वास आला. तिने एक चकली काढली आणि बोटांत धरून दाबली. कडकन मोडली.

"मऊ नव्हत्या पडणार," ती म्हणाली. "सोमवारी आणल्या असत्या तरी चाललं असतं."

तिने वही उचलली, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.