नादबाबांचा उतरलेला खर्ज

गोविंदपुऱ्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरांमागे मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. भोपाळ नुकतंच राजधानी झालेलं. नवी माणसं, नवी घरं आणि बाबाही नवेच, नादबाबा! लाकडी व्यासपीठावर दंड टेकवून ते बसले होते. भोवती झांजांचा नुसता कल्लोळ.

“कान मूँद लो, बेटी. दंड दाँतों में पकड़ो. मन साफ हो तो अनहद नाद सुनाई देगा!”

सिंधूने कानांत बोटं घालून दंड चावला. कान फुटल्यापासून हाका न ऐकणारी ती पोर खुदकन हसली. “आई, डोक्यात वाजतंय!”

सासूबाईंनी हात जोडले. “आता औषध बंद हो, कमलिनी! बाबा म्हणतात, डॉक्टरचा थेंब कानात गेला की कृपा गेली.”

सिंधूचा कान अजून वाहत होता. औषध चुकलं तर दुखणं मेंदूपर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

कमलिनीने पुढे होऊन स्वतः कान झाकून दंडाला दात लावले. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. तानपुऱ्याच्याच चार तारा. आणि शेवटची, जाड खर्जाची, सुरातून उतरलेली!

दर संकष्टीला तिच्याकडे भजन असे. बायकांच्या गलक्यात तार ऐकू येईना, की ती तानपुऱ्याच्या दांडीला दात टेकवून सूर लावी. ती तडक घरी जाऊन तानपुरा घेऊन आली, दांडी सिंधूच्या दातांना लावली आणि तार छेडली.

“तेच वाजतंय, आई!”

“बाई, हठ मत करो! कोप होगा!” बाबा गरजले.

“होऊ दे.” तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “माझा एक सोमवार चुकलेला नाही, बाबा. माझा देव बेसूर वाजत नाही.” आणि तिने व्यासपीठाची झालर ओढली.

खाली घामाने निथळणारा एक मिशाळ चेला फळीला भोपळा टेकवून तानपुरा छेडत होता.

“खर्जाची तार ताणा हो जरा,” कमलिनी म्हणाली. मंडप हसला. मग ती सासूबाईंकडे वळली.

“हवेतून येणारा आवाज झांजांनी दाबला. उरलेला लाकडातून दंडात, दंडातून दातांत, तिथून हाडांमधून थेट आतल्या कानात. डॉक्टरांनी तो सूर देणारा लोखंडी चिमटा वाजवून सिंधूच्या कानामागच्या हाडाला लावला, तेव्हाही ती अशीच हसली होती. आवाजाला दोन वाटा असतात. तिची पडद्याची वाट बिघडलीय, हाडाची शाबूत आहे. म्हणूनच औषधाला आशा आहे!”

“मग देव खोटा म्हणतेस?” सासूबाई पुटपुटल्या.

“देव नाही, सासूबाई, दंड खोटा. उपास करा, नवस करा, मीही करते. पण देवाच्या नावावर कुणी औषध सोडायला सांगितलं, तर हात जोडण्याआधी झालर उचलून बघा.”

सासूबाई मंडपातच खाली बसल्या आणि सिंधूचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या, “आण ती थेंबांची बाटली.”