बोलणीच्या दिवशी

बुद्धभूषणने काकांच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावलाच आणि पुन्हा बटण दाबलं. आवाज नाही. पडद्यावर तेच इंग्रजी वाक्य: एपीआय की हवी, म्हणजे सेवा उघडणारी डिजिटल किल्ली; त्यासाठी नोंदणी करा.

"साले! फुकट देऊन सवय लावायची, आणि मग तोंडावर दार आपटायचं!"

जानूकाकांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. दापोड्याच्या गोदामात त्यांच्या हाकेवर ट्रक थांबायचे. त्यांच्यासाठी पुतण्याने वेबसाइट बनवली: मराठीत टाइप करा, फोन बोलतो. आवाज एका कंपनीच्या फुकट सेवेतून यायचा. पुढे आवाज गमावलेली आणखी माणसं ती वापरू लागली. आज प्रियंकाच्या लग्नाची बोलणी होती, आणि मुलीचा बाप म्हणून मीच बोलणार, असा काकांचा हट्ट होता.

"चिडू नको रे," मंदाकाकी म्हणाल्या. "पाव्हणे टेमघर नाक्यावर आलेत."

शिव्या घालतच त्याने नोंदणी केली, स्वतःचं कार्ड दिलं, की मिळवली. फोन 'नमस्कार' म्हणाला. पण आता सगळ्यांचंच बोलणं त्याच्या एका कीवर चाललं होतं. बघता बघता फुकटचा कोटा संपत आला, आणि पुढचे पैसे कापायला कार्डात शिल्लक नव्हती. संपला की काकाही मुके. त्याने दात ओठ खात वेबसाइटला पासवर्ड लावला. आता फक्त काकांचा फोन बोलणार होता.

"आजच्यापुरतं," कुणी न विचारताच तो म्हणाला.

पाहुणे बसले, चहा झाला.

"बोला, जानूराव," मुलाचे वडील म्हणाले.

काकांनी फोन उचलला तोच अंजूरच्या कमळेचा मेसेज आला. मासे विकणारी कमळा हॉस्पिटलात त्यांच्याच वॉर्डात होती, तिचंही तेच ऑपरेशन.

'माजा फोन मुका झालाय. तुजा बोलतंय का?'

काकांनी पुतण्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. काका टाइप करू लागले.

"पाव्हणं, माफी करा," फोनमधली बाई गोड, सपाट आवाजात बोलली. "भूषण, कमळेला कुणी गप केलं? कंपनीनं का तू?"

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"काका, पासवर्ड काढला तर तुमचं बोलणं अर्ध्यातच..."

काकांनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. पुतण्याने तो उघडून पासवर्ड काढेपर्यंत नजर हलवली नाही. मग स्वतःचा फोन खिशात टाकला आणि मंदाकाकींना हाताने खूण केली: तू बोल.