सैल सोडलेलं चाक

रविवार होता, म्हणून मिस्त्रींनी शटर अर्धंच वर केलं होतं. एका गाडीचं राहिलेलं काम उरकून जेवायला घरी जायचं एवढाच त्यांचा बेत. हात धुवायला नळ सोडला, तोच बाहेरून खडखड खडखड असा आवाज आला आणि तो ऐकून त्यांनी नळ तसाच वाहता सोडला. उभा जन्म गाड्यांखाली गेलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. चाक जागेवर नव्हतं.

त्यांनी शटर पूर्ण वर ढकललं आणि सुनेची छोटी पांढरी गाडी फरफटत आत आली. पुढचं डावं चाक दारुड्यासारखं झुलत होतं. गाडी थांबली, पण सून काही खाली उतरेना. स्टिअरिंग घट्ट धरून ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. मिस्त्रींनी दार उघडलं तेव्हा त्यांना तिचा ओठ दिसला. खालचा ओठ सुजून काळानिळा पडला होता आणि गळ्यावर बोटांचे वळ उमटले होते.

"बाबा," ती म्हणाली, "मी भावाकडे निघाले होते. कायमची. उताराला लागले आणि चाक उडायला लागलं. गाडी कठड्यावर घासली. कशी आवरली, माझं मला माहीत नाही."

मागच्या सीटवर कपड्यांची पिशवी होती. मुलगा आणि सून वरच्या मजल्यावर राहत, मिस्त्री आणि त्यांची बायको खाली. मुलाचा हात सुटतो हे त्यांच्या कानावर होतं. एकदा त्यांनी त्याला बसवून चांगला झापलाही होता. पोरगा खाली मान घालून हो हो म्हणाला होता, आणि मिस्त्रींनी ते खरं मानलं होतं.

"आधी पाणी पी," ते म्हणाले. मग बायकोला फोन लावला. "जेवायला उशीर होईल गं. सूनबाई आलीय इथे, गाडी बिघडलीय तिची. तिला भावाकडे जायचंय, चाक करून देतो."

फोन ठेवून त्यांनी शटर पुन्हा अर्धं ओढलं आणि ते गाडीपाशी बसले. चाकावरची टोपी जागच्या जागी, नीट दाबून बसवलेली होती. त्यांनी ती काढली. चार नटांपैकी दोन नव्हतेच. तिसरा बोटाने फिरत होता. चौथ्या जागी नटही नव्हता आणि स्टडही नव्हता. चाक ज्यावर बसतं त्या हबला ते धरून ठेवणारा जाड खिळा बुडातून तुटून गेला होता.

एखादा नट आपोआप सैल होतो. निष्काळजी माणसाच्या हातून दोनही राहतात. पण एकाच चाकाचे सगळे नट सैल करून वर टोपी बसवायची, हे आपोआप होत नाही.

"काल गाडीला कोणी हात लावला होता का?"

"यांनीच," सून म्हणाली. "संध्याकाळी खाली गेले होते. चाकात हवा भरून देतो म्हणाले. मला वाटलं, सकाळी मारलं त्याचं वाईट वाटत असेल." तिने मागच्या सीटकडे पाहिलं. "पिशवी बघितली असणार त्यांनी. पलंगाखाली होती."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. पाना कसा धरायचा हे त्या पोराला त्यांनीच शिकवलं होतं, याच फरशीवर बसवून. त्यांच्या अंगाची लाही लाही झाली, पण हातांनी आपलं काम सुरू केलं. हातांना तेवढंच ठाऊक होतं.

जॅक लावून गाडी उचलली. चाक काढलं आणि नेहमीच्या सवयीने गाडीच्या बाजूखाली आडवं सरकवलं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसावी, माणसावर नाही. ब्रेकचा भाग सोडवून तारेने वर टांगला, ब्रेकची गोल डिस्क उतरवली. उघड्या हबमध्ये तुटक्या स्टडचं मूळ अडकून राहिलं होतं. त्यावर त्यांनी हातोडा घातला. मूळ हललं नाही. पुन्हा घातला. एरवी मिस्त्री घाव मोजून मापून घालत. आज ते त्या लोखंडावर तुटून पडले होते. सून कानांवर हात ठेवून भिंतीला टेकली. शेवटी ते मूळ मागच्या बाजूने निसटून फरशीवर पडलं. मिस्त्रींना धाप लागली होती.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "नवीन बसवतो. या चाकावर तू जगाच्या टोकाला जाशील."

नवा स्टड त्यांनी मागून घातला, त्याचे दाते भोकातल्या खाचांशी जुळवले, पुढून जाड वायसर टाकून नट लावला आणि पाना फिरवायला घेतला. नट आवळत गेला तसा स्टड इंच इंच पुढे ओढला जाऊ लागला. जोर पुरेना, म्हणून त्यांनी पान्यावर लांब लोखंडी पाइप चढवला. स्टडचं डोकं मागे हबला पक्कं टेकलं तेव्हा हाताला ते कळलं. नट-वायसर काढून त्यांनी पाइप बाजूला ठेवला, एवढ्यात अर्ध्या शटरखालून कोणीतरी वाकून आत आलं.

मुलगा होता. हसत होता.

"आईला विचारलं," तो म्हणाला. "म्हणाली, सूनबाई गॅरेजमध्ये आहे, जा आणि समजूत काढ तिची. काय झालं गाडीला?"

मिस्त्रींनी फरशीवरचा तुकडा उचलून त्याच्यापुढे धरला. "हे तू सांग."

मुलाचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. "जुनी गाडी आहे. तुटतं एखादं."

"नट तू सोडलेस."

"सैल केले फक्त." तो खांदे उडवत म्हणाला. "लांब जाऊ नये म्हणून. चाक खडखडलं की थांबेल आणि मुकाट्याने घरी येईल, एवढंच. मारायला नाही केलं मी."

"उतारावर चाक निघाल्यावर गाडी कुठे थांबते," मिस्त्री म्हणाले, "हे तुला मी शिकवलंय."

मुलाने त्यांना बाजूला सारलं. "हे नवराबायकोचं आहे, बाबा. तुम्ही यात पडू नका. चल गं."

"मी येत नाही," सून म्हणाली.

तो गाडीला वळसा घालून गेला आणि त्याने तिचे केस मुठीत धरून तिचं तोंड बॉनेटवर आपटलं. पत्रा दणाणला. तिने हात टेकून सावरायचं पाहिलं, तर त्याने पुन्हा आपटलं. पांढऱ्या पत्र्यावर रक्ताचा फराटा उमटला. तिच्या तोंडून ओरडणं सुद्धा नीट फुटेना.

मिस्त्री धावले. त्यांनी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली, पण ऐन उमेदीतल्या पोरापुढे म्हाताऱ्याचं बळ ते किती! त्याने एका झटक्यात त्यांना भिरकावलं. ते फळीवर जाऊन आदळले आणि पाने, पकडी, डबे धडाधड त्यांच्या अंगावर कोसळले. उठतात न उठतात तोच मुलाच्या हातात तो लोखंडी पाइप आला होता.

"सांगितलं होतं ना, मध्ये पडू नका म्हणून!"

पाइप खाली आला. मिस्त्रींनी डोक्यावर हात धरला म्हणून डोकं वाचलं. मनगट काडकन मोडलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मुलाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्याने जॅकला सणसणीत लाथ घातली. जॅक तिरका होऊन उडाला, गाडी धाडकन खाली आली आणि आडव्या चाकावर बसली. धुळीचा लोट उठला.

"आता कशी जाते बघू!" तो ओरडला आणि सुनेकडे वळला.

ती भिंतीशी सरपटत गेली होती. पुढे भिंत, मागे तो. त्याने दोन्ही हातांनी पाइप वर उचलला. बायकोला धाक दाखवणाऱ्या माणसाचा तो आव नव्हता. नजर तिच्या डोक्यावर होती, पाय फाकून रोवलेले होते, लाकूड फोडताना रोवतात तसे.

मिस्त्रींच्या उजव्या हाताला काही जाणवत नव्हतं. डाव्या हाताला हातोडा लागला. ते गुडघ्यांवरच पुढे सरकले आणि मुलाच्या गुडघ्यावर बाजूने, होतं नव्हतं तेवढं बळ लावून हातोडा घातला.

आतून काहीतरी ओलं तुटल्याचा आवाज आला. मुलगा कोसळला. पडता पडता त्याने सुनेचा घोटा पकडला आणि दुसऱ्या हाताने पाइप चाचपडू लागला. ती लाथा झाडत होती, तो सोडत नव्हता, तोंडाने घाणेरड्या शिव्या सुरूच होत्या. मिस्त्रींनी त्या पकडणाऱ्या हातावर दुसरा घाव घातला. बोटं सुटली. मुलगा जनावरासारखा ओरडला.

मग मिस्त्री उभे राहिले. मुलगा त्यांच्या पायाशी उताणा पडला होता, कपाळ उघडं. हातोडा वर गेला होता. थांबायचं आहे असं त्यांच्या मनात मुळीच नव्हतं. याला संपवलं की सगळं संपेल, हा एकच विचार डोक्यात घणासारखा आपटत होता.

"बाबा," सून म्हणाली. "बाबा, बस. मेला तर तुम्ही जाल आत. मग मी कोणाकडे बघू?"

हात वरच राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग त्यांनी हातोडा दूर फेकला, खाली बसले आणि ओकले.

मुलाचा आवाज आता बदलला होता. "आई गं," तो कण्हत होता. "आई गं, आई." लहानपणी सायकलवरून पडला तेव्हा असाच ओरडला होता. मिस्त्रींना ते ऐकवेना. त्यांनी डाव्या हाताने फोन काढून रुग्णवाहिका बोलावली, पाइप उचलून रस्त्यावर फेकला आणि सुनेकडे वळले. तिच्या नाकातून रक्त वाहत होतं. ओढणीने तिने ते दाबून धरलं.

"उठता येईल?"

"येईल."

"मग ऐक. माझा हात गेला. चाक तुला बसवायचंय."

तिने जॅक पुन्हा लावला. जॅक दोनदा निसटला, पण तिसऱ्यांदा बसला. ते सांगत गेले, ती करत गेली. डिस्क, ब्रेक, मग चाक. मिस्त्रींनी डब्यातून नवे नट काढून दिले. सगळे आधी हाताने लावायला सांगितले, मग समोरासमोरचे एक एक करून आवळायला. शेवटी ती पान्यावर उभी राहून सगळा भार देऊ लागली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "बास. एवढं पुरे. जास्त आवळलंस तरी तुटतो." चार हातांवर मुलगा पडला होता. दोघांपैकी कोणीही त्याच्याकडे बघितलं नाही.

"आधी पोलीस चौकी," मिस्त्री म्हणाले. "चेहरा धुऊ नकोस. असाच दाखव. मग दवाखाना, मग भाऊ. आणि तिथे माझंही सांग. मी काय केलं ते. काही लपवू नकोस."

तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, शटर वर ढकललं आणि गाडीत बसली. गाडी गॅरेजबाहेर पडली तेव्हा चाकाचा काही आवाज नव्हता, फक्त इंजिनाचा. कोपऱ्यावर वळेपर्यंत मिस्त्री कान देऊन ऐकत राहिले.

बायको आली ती रुग्णवाहिकेच्या मागोमाग. जेवणाचा डबा तिने घरून तसाच आणला होता. तिने मुलाचा पाय पाहिला आणि डबा हातातून सुटला. "पोटच्या पोराला!" ती किंचाळली. "काय माणूस आहात की कोण आहात!" ती मिस्त्रींच्या छातीवर बुक्क्या मारत राहिली. त्यांनी मारू दिल्या. मोडलेला हात तेवढा मागे धरला.

चौकीत मिस्त्रींनी जबाब दिला: मुलाविरुद्धचा आणि स्वतःविरुद्धचाही. मुलाचा गुडघा कापून-जोडून ठेवला, पण तो पुन्हा सरळ झाला नाही. मुलगा महिनाभर दवाखान्यात राहिला आणि मग कोठडीत गेला. मिस्त्रींवरही खटला उभा राहिला. मनगट वाकडंच बसलं. बायको त्याच घरात राहून त्यांच्याशी अवाक्षर बोलेना. ताट वाढायची, बाजूला ठेवायची, आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसायची. मिस्त्री ते जेवायचे. कोणाला सांगायचं आणि काय!

कोर्टात मुलाच्या वकिलाने मिस्त्रींच्या बायकोला साक्षीला बोलावलं. मिस्त्रींनी मनाची तयारी केली होती. आई मुलाच्या बाजूने बोलणार, यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं.

"तुमचा मुलगा सुनेला मारताना तुम्ही कधी पाहिलं?" वकिलाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

वकील समाधानाने वळला. ती पिंजऱ्यातच उभी राहिली.

"ऐकलं," ती म्हणाली. "वरून आवाज यायचा. फरशीवर काहीतरी पडल्याचा. तीच पडायची. मी टीव्ही मोठा करायचे." तिने पदर तोंडाशी धरला, मग काढला. "त्या दिवशी गॅरेजमध्ये ती आहे, हे मीच त्याला सांगितलं. मला वाटलं, समजूत काढेल. नाही, तसंही नाही. मला काहीच वाटलं नव्हतं. मुलगा विचारतो, आई सांगते."

मुलाने खुर्चीतून आईकडे बघितलं. त्या नजरेत जे होतं ते पाहून ती एक पाऊल मागे सरकली, आणि मग तिने मिस्त्रींकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

बाहेर आल्यावर दोघं पायऱ्यांवर बसली. समोर रिक्षावाल्यांचा गलका चालला होता. तिने त्यांचा वाकडा हात आपल्या मांडीवर घेतला, मनगटावरून बोट फिरवलं.

"दुखतो का हो अजून?"

"गारठ्यात दुखतो," मिस्त्री म्हणाले.

तिने हात तसाच धरून ठेवला. मग रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, "तिला फोन लावा. मला बोलायचंय. ती बोलेल की नाही, ते मी बघते."

मिस्त्रींनी खिशातून फोन काढला.