धोंडुबाईच्या दुधाची तिसरी फुली

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. पोपडे निघाले आहेत, पण पडकी म्हणाल तर मला राग येईल. वडूजच्या रस्त्याला आमचं गाव, गावात दूध सोसायटी, आणि त्या सोसायटीची रस्त्याकडची बाजू म्हणजे मी. ज्या गवंड्याने मला बांधलं त्याने ओळंबा लावून तीनदा तपासलं होतं. आजकालच्या भिंती बघते मी. पाठ टेकली की कपड्यांना वाळू लागते.

शाळा मला मिळाली नाही. शाळेतल्या भिंतींना नकाशे मिळतात, सुविचार मिळतात. मला जे काही अक्षर येतं ते माझ्याच अंगावर लोकांनी लिहिलेलं वाचून आलं. म्हणून माझ्या बोलण्याला थोडा कडब्याचा आणि बराचसा भांडणाचा वास येतो. तेवढा सोसून घ्या.

सोसायटीच्या कमिटीने माझा अर्धा भाग काळा रंगवला आणि खिळ्याला दोरीने खडू बांधला. कुणीही यावं आणि लिहावं. 'कडबा विकणे आहे.' 'गाभण म्हैस पाहिजे.' 'बँड पथकाने उद्या सात वाजता जमावे.' सकाळी दूध घालायला आलेला माणूस आधी मला वाचायचा आणि मग किटली खाली ठेवायचा. तालुक्याहून आलेला साहेबसुद्धा मोटार थांबवून वाचायचा. खोटं कशाला सांगू, मला गर्व चढला होता.

मग लोकांना माझी सवय झाली आणि सवय झाली की माणूस तोंड सोडतो. कुणी कुणाचा बाप काढला, कुणी सरपंचाच्या मिशीवर दोन ओळी केल्या. तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी नाथाजी पुढे आले. नाथाजी मिलिटरीतून पेन्शनीवर आलेले. लग्नाला गेले तरी पंगतीला डावीकडून उजवीकडे मोजून बसवणारे. त्यांनी माझ्या डोक्यावर तीन नियम लिहिले. मजकुराखाली नाव असावे. आई-बहीण काढू नये. ज्या मजकुराला तीन गावकऱ्यांनी तीन फुल्या मारल्या, तो पुसला जाईल.

पुसायला एक ओलं पोतं होतं. ते नाथाजी स्वतः सांभाळायचे.

पहिल्याच आठवड्यात जनावरांच्या लाळ्या-खुरकताच्या लसीची सूचना पुसली गेली. दोन जाणत्या माणसांनी बसल्या बसल्या तिच्या शेजारी फुल्ली-गोळ्याचा डाव मांडला होता आणि फुल्लीवाला जिंकला. नाथाजींनी तीन फुल्या पाहिल्या आणि पोतं फिरवलं. डॉक्टर आले, सुई भरून उभे राहिले आणि समोर एक शेळी. म्हणून चौथा नियम आला, सरकारी मजकुराला फुली मारू नये. पुढे एका म्हाताऱ्याच्या दहाव्याची वेळ पुसली गेली, कारण त्याच्या तिन्ही सुनांनी एकेक फुली मारली होती. म्हणून पाचवा नियम. असं करता करता चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यापर्यंत नियम अकरा झाले आणि अर्धी काळी जागा त्यांनीच खाल्ली.

त्याच उन्हाळ्यात माझ्यावर धोंडुबाईचं नाव आलं.

धोंडुबाई म्हणजे एकटी बाई, दीड एकर माळ आणि एक म्हैस. म्हैस दाराच्या चौकटीत अडकेल एवढी थोरली आणि तिचं नाव चिमणी. चिमणीचं दूध सोसायटीत येत नसे. चार घरी रतीब होता, मास्तरांच्या घरी, पोस्टात आणि आणखी दोन ठिकाणी. त्या चार घरांवर धोंडुबाईचं चालायचं. बाईचं तोंड मात्र भलतंच फटकळ. सोसायटीत रोज दूध घालणारे एक नानासो होते. एकदा रांगेत त्यांच्या दुधाला यंत्राने डिग्री लावली, म्हणजे दूध किती घट्ट ते मोजलं, ती नेहमीसारखी कमी आली. नानासो म्हणाले, "आमच्या म्हशीचं दूध जातीचंच पातळ हाय." धोंडुबाई रस्त्याने चालली होती, ती थांबली आणि म्हणाली, "म्हशीचं पातळ हाय का हिरीचं, ते एकदा म्हशीलाच इचारा." सगळी रांग हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सोसायटी बंद असताना, नानासो आले. उन्हात कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यांनी माझ्यावर लिहिलं, 'धोंडुबाईच्या दुधात निम्मे पाणी.' खाली लिहिलं, 'एक ग्राहक'. लिहिताना त्यांची अंगठी माझ्या अंगावर कराकरा घासत होती. मला सगळं ठाऊक होतं, पण मला बोलता येत नाही. आलं असतं तर गावाने मला कधीच पाडलं असतं.

संध्याकाळी मास्तरांच्या बाईने रतीब बंद केला. सकाळी पोस्टाने केला. तिसऱ्या दिवशी चारही घरं गेली आणि धोंडुबाई माझ्यासमोर उभी राहिली.

"नाथाजी, ह्ये पुसा."

"फुल्या किती हायत?"

"म्या एक मारते. शेजारची रंगुबाई एक मारती."

"दोन झाल्या. तिसरी आणा."

"आवं, खाली नाव तरी हाय का? तुमचाच नियम हाय न्हवं?"

नाथाजींनी चष्मा लावून वाचलं. "हाय की. एक ग्राहक."

"ग्राहक कुणाचं नाव असतंय व्हय?"

"नाव कसलं असावं, ते नियमात न्हाई. बारावा नियम करावा लागंल."

"मग तुमी मारा की तिसरी फुली."

"कमिटीच्या माणसाला फुली न्हाई. नियम सात."

तिसरी फुली काही मिळेना. सगळे म्हणायचे, खरं-खोटं आमाला काय म्हाईत. खरं सांगायचं तर लोकांना मजा येत होती. न वाचता येणारी माणसंही दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. दोन फुल्या पडल्यापासून तर गर्दी दुप्पट झाली. चिमणीचं दूध घरात नासायला लागलं. धोंडुबाईने रंगुबाईला सांगितलं, "येत्या बाजाराला म्हस न्यायची. पेंड उधार कोन दील?" हे ती माझ्याच सावलीत बसून बोलली. तिचा आवाज एरवी शिवारापलीकडे जायचा, त्या दिवशी मलाही नीट ऐकू आला नाही.

बाजाराच्या आदल्या सकाळी रांग लागली असताना धोंडुबाई चिमणीला दोरीला धरून घेऊन आली. मागे रंगुबाई रेडकू घेऊन आणि डोक्यावर भिजवलेली सरकी घेऊन. धोंडुबाईने रिकामी बादली सगळ्यांसमोर उपडी करून दाखवली आणि माझ्या पायाशी बसली.

आता म्हैस कशी असते तुम्हाला ठाऊक नसेल. जागा बदलली की ती पान्हा चोरते. चिमणीने आधी माझ्याकडे बघितलं, मग गर्दीकडे, आणि एक थेंब सोडला नाही. रेडकू लावलं, तरी नाही. रांगेतून नानासो म्हणाले, "पानी घालायचं इसरली वाटतं आज."

धोंडुबाईने मान वर केली नाही. तिने चिमणीच्या पोटाला कपाळ टेकलं आणि हळू बोलायला लागली, "तुझं बी नाव लिवलंय गं ह्यांनी भितीवर. तुला वाचता येत न्हाई, मलाबी धड येत न्हाई. ह्यास्नी येतंय, त्येचा काय उपेग झाला बघ."

कशाने ते मला माहीत नाही, पण चिमणी सैल झाली. बादलीत पहिली धार वाजली आणि रांग मोडून माणसं पुढे सरकली. फेस काठावर आला. नाथाजींनी डिग्री लावली, डोळे बारीक करून वाचली, मग दुसऱ्यांदा वाचली. "एक नंबर," ते म्हणाले आणि सवयीने टाचा जुळवल्या.

एवढ्यावर ते मिटलं असतं. पण नानासोंची बायको भामाबाई रांगेतच होती आणि तिला चेव आला. "मग आमचीबी म्हस हितंच आनते. गावाला कळू दे जातीचं पातळ कसं असतंय." नानासो तिला डोळ्यांनी खुणावत राहिले. बिचारीला घरातलं काहीच ठाऊक नव्हतं, किटली रोज नानासोच भरून आणायचे. तिने म्हैस आणली, रंगुबाईची उरलेली सरकी तिच्यापुढे ठेवली, माझ्या पायाशी बसून धार काढली आणि नाथाजींनी डिग्री लावली.

चार वर्षांत नानासोंच्या दुधाची एवढी डिग्री कधी आली नव्हती.

भामाबाई आधी खूश झाली. मग रांग का हसते आहे हे तिला हळूहळू उमगलं. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्यावरच्या ओळीकडे, आणि आता कुठे तिला ते अक्षर ओळखू आलं. तिने खडू काढून त्यांच्या हातात दिला. "मारा फुली."

"मी? मी कशापायी?"

"गिऱ्हाईक हायसा न्हवं? मारा."

नानासोंनी तिसरी फुली मारली. अंगठी पुन्हा कराकरा घासली. नाथाजींनी ओलं पोतं घेतलं, ओळ पुसली आणि चिमणीचा बाजार टळला.

लोक पांगायला लागले तशी धोंडुबाई म्हणाली, "थांबा. आता माझं लिवा. धोंडुबाईकडनं ज्यांनी रतीब सोडला, त्यांनी माघारी यिऊ नये. खाली माझं नाव टाका. पुरं."

नाथाजींनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सोसायटी उघडायच्या आत त्या ओळीसमोर चार फुल्या पडल्या होत्या, चार घरांच्या. चौघीही रिकामी भांडी पदराखाली धरून उभ्या होत्या. नाथाजींनी पोतं उचललं.

"पुसा," धोंडुबाई म्हणाली. "पर आधी ह्या चौघींनी मोठ्यानं वाचावं, एकेकीनं."

चौघींनी वाचलं. मास्तरांची बाई सर्वांत स्पष्ट वाचायची, तिला दोनदा वाचायला लावलं. मग धोंडुबाईने भांडी भरून दिली, काठोकाठ.

मित्रांनो, ओल्या पोत्याने खडू जातो, पण मास्तरांच्या बाईला ती दोनदा वाचलेली ओळ पुढे कित्येक दिवस दूध तापवताना आठवत असणार. माझ्यावर लिहायला अजून जागा आहे. खुशाल लिहा. मात्र खडू उचलण्याआधी ज्याचं नाव लिहिणार, तो माणूस इथे शेजारी उभा आहे असं समजा, आणि त्याची म्हैससुद्धा. आणि मला खिळे ठोकू नका. दुखतं.