स्टेअरिंगची लबाडी

निरंजनचा ट्रक आवारातून बाहेर पडला आणि लीलाधर मिस्त्रीने हात पुसायला चिंधी उचलली. ती तशीच हातात राहिली. काहीतरी राहून गेलंय, असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे राहून गेलेलं काही नव्हतं, त्याने ते जाणूनबुजून सोडलं होतं.

बऱ्हाणपुरात तीस वर्षं लीलाधर ट्रकांची वाकडी चाल सरळ करत आला होता. टायरवर तळहात फिरवला की गाडी कुठे ओढते ते सांगायचा. मग हायवेवर कंप्युटरने चाकं मोजणारा आला आणि लीलाधरच्या आवारात गवत दिसायला लागलं. म्हणूनच सकाळी निरंजन आला तेव्हा लीलाधर हरखला होता.

"काका, स्टेअरिंगचा चक्का सरळ धरला की गाडी डावीकडे पळते," निरंजन म्हणाला होता. "चार बोटं वाकडा धरू तेव्हा सरळ चालते. हात भरून येऊ राहिले. फोपनारला केळी भरायची आहे, टाइम नाही. जल्दी होत असेल तर बोला, नाहीतर मी कंप्युटरवाल्याकडे चाललो."

असली तक्रार आली की आधी गाडीखाली शिरायचं, हे लीलाधर झोपेतही सांगेल. पण त्यात अर्धा दिवस जातो. त्याने स्टेअरिंगचा नट खोलला, चाक उपसलं, दांड्याच्या दात्यांवर जरा फिरवून सरळ बसवलं. वीस मिनिटांत काम फत्ते! रोग जागच्या जागी आणि रोगी खूश. निरंजन तर पाया पडून गेला.

आता लीलाधरची नजर नळाशेजारच्या चिखलावर गेली. ट्रकचा माग तिथे सरळ उमटला होता. मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत नव्हती, चार बोटं उजवीकडे सरकून चालली होती. मागचा ॲक्सल तिरका झाला होता. स्प्रिंगच्या पाट्यांना ॲक्सलवर जागच्या जागी धरणारा मधला बोल्ट तुटल्याशिवाय असं होत नाही. वर दहा टन केळी आणि वाटेतल्या असीरच्या घाटात एक जोराचा ब्रेक, की ॲक्सल आणखी सरकणार आणि गाडी निरंजनचं ऐकणार नाही.

त्याने फोन लावला. उचलला नाही. परत लावला. चहा मागवला, तो निवला. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस, असं मनाने एकदा सांगून पाहिलं. त्या मनाला शिवी हासडून त्याने नवा बोल्ट, पाना आणि सुतळी पिशवीत कोंबली आणि मोटारसायकलला लाथ मारली. फोपनार येईपर्यंत तो समोरून येणारा प्रत्येक ट्रक निरखत होता.

सोजरबाईच्या केळीच्या बागेशी ट्रक उभा होता. शेवटचे घड चढत होते. निरंजनला केबिनमध्ये झोप लागली होती.

"उतरव माल," लीलाधर त्याला हलवून उठवत म्हणाला. "तुझा ॲक्सल सरकलाय."

"काय काका! तुम्हीच तर सरळ करून दिली ना? मख्खन चालू राहिली."

"गाडी नाही रे केली सरळ. नुसता चक्का सरळ बसवला. लबाडी केली मी."

"का?"

"तू त्या कंप्युटरवाल्याकडे जाशील म्हणून."

बागेची मालकीण सोजरबाई पुढे आली. "मिस्तरी, कापलेला माल थांबत नसतो. सकाळी काय डोळे मिटले होते तुमचे?"

पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत लीलाधरने सुतळी ताणली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावी बाजू दोन बोटं कमी भरली.

"दोन बोटांनी काय होतं?" निरंजनने इंजिन चालू केलं. चक्का सरळ होता, मग म्हाताऱ्याचं कशाला ऐकायचं?

लीलाधर केबिनमध्ये चढला आणि हात घालून इंजिन बंद केलं. निरंजन ओरडत असतानाच त्याने नट खोलला, चाक उपसलं आणि सकाळी आलं होतं त्याच दात्यांवर परत बसवलं.

"घे. आणलं होतंस तसं. आता ने घाटात."

निरंजनने रागारागाने गाडी काढली. बांधाच्या कडेने चक्का पुन्हा वाकडा धरत पन्नास पावलं गेली असेल, थांबली. दार उघडून त्याने मागची चाकं पुढच्यांच्या मागावरून सरकलेली पाहिली. मग त्याने हमालांना हाक मारली.

"उतरवा रे!"

"मिस्तरी, तुम्ही बी लागा," सोजरबाई म्हणाली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी लीलाधरने घड खांद्यावर घेतले. माल उतरल्यावर पाटे खोलले. बोल्ट दोन तुकड्यांत बाहेर पडला. निरंजनने ते उचलून पाहिले आणि खिशात टाकले. नवा बोल्ट बसून ॲक्सल जागेवर येईपर्यंत ऊन उतरलं होतं.

रिकामी गाडी निरंजनने रस्त्यावर घेतली. लीलाधर शेजारी बसला. गाडी सरळ चालली होती आणि कुणी हात न लावता स्टेअरिंगही सरळ उभं होतं.

"सकाळी मी हेच तर मागितलं होतं, काका," निरंजन म्हणाला.

गाडी बागेशी थांबली तसा लीलाधर खाली उतरला आणि पुन्हा घड चढवायला लागला.