बिनपावतीचं बियाणं

"ही खुर्ची कृष्णाबाईंची," म्हणत कुमुदनं खुर्चीवरची 'दिल्ली' लिहिलेली चिठ्ठी सोलून काढली.

कमळाकर शिपाई चपापला. पहिली रांग दिल्लीच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवा, असा वरून निरोप होता. पण आज मॅडमचा नूरच वेगळा होता. एरवी सरकारी समारंभ म्हटला की डोकेदुखीचं निमित्त शोधणारी ही बाई आज इस्त्रीची साडी नेसून, केसांत अबोली माळून सकाळपासून स्वतः खुर्च्या पुसत होती. कृष्णाबाई उरणकडच्या गावाहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. त्या खुर्चीवर जरा वेळ पाय सोडून बसल्या, मग अवघडून त्यांनी पाय वर घेतले आणि सरळ मांडी घातली.

त्र्याण्णव साल होतं. दिल्लीनं देशाचं नवं संशोधन धोरण लिहायला घेतलं होतं आणि मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला एक समिती गावोगाव फिरत होती. पनवेलच्या खाडीकाठी असलेल्या तीन खोल्यांच्या भात संशोधन केंद्रावर तिनं यावं, हे नवलच होतं. पण समितीवर विनायक होता, आणि विनायक म्हणजे घरचा माणूस. तरुणपणी तो आणि कुमुद एकाच आठवड्यात इथे नोकरीला लागले होते. खारं पाणी शेतात शिरलं तरी तग धरेल असं भात हवं होतं. त्यासाठी दोघांनी गुडघाभर चिखलात उभं राहून वर्षानुवर्षं एकेक लोंबी निवडली, एकमेकांचे डबे खाल्ले, एकमेकांची बोलणी खाल्ली. पुढे विनायक दिल्लीला जाऊन मोठा झाला आणि कुमुद इथेच राहिली. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण तिचं भात तयार झालं होतं.

नुसतं तयार झालं नव्हतं, पसरलं होतं. पसरण्याची रीत मात्र सरकारी नव्हती. त्या खारपट्ट्यातल्या गावांत बियाणं विकत नसत. मागायला आलेल्या बाईच्या सुपात ते घालायचं, तिनं पुढच्या पिकातून तेवढंच परत आणून द्यायचं, आणि लेक सासरी निघाली की तिच्या बोचक्यातही थोडं बांधायचं. बियाण्याचे पैसे घेतले तर ते रुजत नाही, अशी तिथल्या बायकांची पक्की समजूत. केंद्रानं कृष्णाबाईंना एक टोपलीभर बी दिलं होतं. काही वर्षांतच ते माहेर-सासरच्या वाटेनं थेट पेणपर्यंत पोचलं, आणि कोणी कुठे पावती फाडली नाही. कुमुदला अभिमान होता तो याचाच. सरकारी बियाणं लोकांनी लेकीबरोबर धाडलं, याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं, असं ती म्हणायची.

आता दुसरं बियाणं हाताशी येत होतं. उधाणानं बांधाला खांड पडून समुद्रच आत आला की पहिलं भातही मान टाकायचं. हे नवं टाकत नव्हतं. त्याची पारख कृष्णाबाईंच्या बांधालगतच्या शेतात चालली होती. त्यांच्या घराचा वर्षाचा तांदूळ ज्या शेतात पिकायचा, तेच शेत त्यांनी कुमुदच्या शब्दावर सोडलं होतं. अजून दोन पावसाळे हवे होते. हे काम अर्धवट टाकणार नाही, असं कुमुदनं त्यांच्या ओट्यावर बसून कबूल केलं होतं.

गेल्या वर्षी विनायक मुद्दाम पनवेलला येऊन गेला. छोटी केंद्रं मोडीत काढा म्हणणारे दिल्लीत पुष्कळ आहेत, मला एखादं जिवंत उदाहरण दे, मी भांडतो, असं तो म्हणाला. कुमुद त्याला तडक कृष्णाबाईंकडे घेऊन गेली. परक्या माणसाशी त्या बियाण्याचं बोलत नसत. विनायकनं विचारलं तेव्हाही त्या पदर सावरत गप्प राहिल्या.

"आपलाच माणूस आहे, सांगा," कुमुद म्हणाली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. कोणाच्या सुनेनं नेलं, ती कुठली, तिच्या बहिणीला कुठे दिलं. विनायकनं सुकटीच्या कालवणाबरोबर दोनदा भात मागून घेतला. महिन्याभरानं त्याचा दिल्लीहून फोन आला, की तुझं काम धोरणात घातलंय. तेव्हापासून कुमुद हुरळून गेली होती. सख्ख्या बहिणीपासून दूधवाल्यापर्यंत तिनं ते सगळ्यांना सांगितलं होतं.

सभा सुरू झाली. विनायकचं बोलणं पूर्वीपेक्षा सफाईदार झालं होतं. देशाचे दरवाजे उघडलेत, आता संशोधनानंही बाजाराकडे तोंड करायला हवं, प्रत्येक संस्थेनं आपल्या खर्चाचा काही भाग स्वतः मिळवला पाहिजे, असं तो सांगत होता. कुमुदला वाटलं, ही प्रस्तावना असेल. मग पडद्यावर नकाशा आला. खाडी, गावं, आणि एका गावातून दुसऱ्या गावाकडे निघालेले लाल बाण. तिनं कृष्णाबाईंचा हात दाबला. "हे तुमचं गाव," ती हळूच म्हणाली.

"ही गळती," विनायक पडद्यावर छडी टेकवून म्हणाला. "सरकारी पैशातून तयार झालेलं वाण इतक्या गावांत गेलं आणि संस्थेला एक पैसाही परत आला नाही. कोणाकडे नोंद नाही, कोणाचं नियंत्रण नाही. नव्या धोरणात असा अनधिकृत फैलाव थांबवावा लागेल. वाण शुल्क घेऊन कंपन्यांना द्यायचं, आणि जी केंद्रं मिळवत नाहीत ती मोठ्या संस्थांत विलीन करायची."

कुमुदला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. मग कानशिलं तापली. ती उठली आणि जमेल तितक्या शांतपणे म्हणाली, की ज्याला तुम्ही गळती म्हणता त्याच कामासाठी हे केंद्र काढलं होतं. अध्यक्षांनी मान डोलावली आणि मुद्दा नोंदवून घेतल्याचं सांगितलं. सरकारात एखाद्या म्हणण्याला मूठमाती द्यायची असली की ते नोंदवून घेतात, हे तिला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

ती खाली बसली तेव्हा कृष्णाबाईंनी आपला हात काढून घेतला होता.

"बाय, आमी चोरी केली काय?"

"नाही हो, कृष्णाबाई."

"मग त्यो आमचा गाव तिथं कशाला दावतोय?"



चहाच्या वेळी कुमुदनं विनायकला मागच्या पडवीत गाठलं. तो जरा ओशाळला होता, पण तेवढाच. म्हणाला, सरकारला मोजता येईल तेच दिसतं, त्याला मी काय करणार? उदाहरण दिलं नसतं तर समितीवर माझं कोणी ऐकलंच नसतं. तुझ्या बदलीचं मी बोलून ठेवलंय, पुण्याला चांगली जागा मिळेल.

"बदली मागितली कोणी? नव्या बियाण्याचे अजून दोन पावसाळे राहिलेत, विनायक."

"ते आता कंपनी बघेल. आणि हे बघ कुमुद, मी नसतो तर दुसऱ्या कोणी हेच लिहिलं असतं."

"दुसऱ्या कोणाला कृष्णाबाईंनी सांगितलं नसतं," कुमुद म्हणाली. "त्यांनी तुला सांगितलं, कारण मी सांगा म्हटलं."

विनायकनं बशीतला चहा संपवला. मग त्याला कोणीतरी हाक मारली आणि तो सुटल्यासारखा आत गेला. त्यानं केसानं गळा कापला, याचा संताप तिला होताच. पण गळा आपल्या एकटीचा नव्हता आणि मान पुढे करून दिली ती आपणच, हे तिला जास्त जाळत होतं. ती पुढे आली तेव्हा पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. कृष्णाबाई जेवायलाही न थांबता एसटी स्टँडवर गेल्या होत्या.

विलीनीकरणाचा हुकूम पावसाळ्याच्या तोंडावर आला. धोरण अजून मसुद्यातच होतं, पण बंद करायच्या गोष्टींना सरकार मसुद्याची वाट बघायला लावत नाही. नव्या वाणाचं बी मोठ्या संस्थेच्या शीतपेटीत गेलं. शेत मोकळं झालं, हे स्वतः जाऊन सांगायचं कुमुदनं ठरवलं. निरोप धाडून चाललं असतं, पण शब्द तिनं ओट्यावर बसून दिला होता.

कृष्णाबाईंनी तिला आज आत बोलावलं, खुर्ची दिली. या घरात खुर्ची आहे हे कुमुदला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं ती ओट्यावर नाहीतर चुलीशेजारी बसत आली होती. तिनं सगळं सांगितलं. चुकलं म्हणाली. कृष्णाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी तरी काय करनार, मॅडम," त्या म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

बाय नाही, तू नाही. तुमी आणि मॅडम. कुमुदनं मान खाली घातली.

तेवढ्यात शेजारची भामा सूप घेऊन दारात आली. पेरणीचे दिवस, बियाणं मागायलाच आलेली. तिनं आत पाऊल टाकलं, कुमुदला पाहिलं आणि उंबऱ्यातच थबकली.

"नाय गं उरला या वर्साला," कृष्णाबाई चुलीकडून म्हणाल्या.

भामा परत गेली. कृष्णाबाईंच्या पाठीमागे बियाण्याची कणगी उभी होती. तिच्यावरचं सारवण कालपरवाचं, ओलसर होतं, आणि बी काढायला केलेल्या भोकाला घातलेला गवताचा बोळा नवा होता. कुमुदनं तिकडे पाहिलं नाहीसं केलं. तिचं हे सोंग कृष्णाबाईंनीही पाहिलं नाहीसं केलं. चहा झाला. दोघी दीपेशच्या, म्हणजे कृष्णाबाईंच्या नातवाच्या, शाळेविषयी थोडं बोलल्या.

एसटीला पुष्कळ अवकाश होता. तरी कुमुद उठली. आपण इथे बसलोय तोवर या घरातलं बी बाहेर पडणार नाही, हे तिला कळत होतं.

गावाबाहेर वळणावर, बांधाच्या आडोशाला भामा बसली होती. सूप मांडीवर पालथं घालून ती रस्त्याकडे बघत होती, आणि कुमुद दिसताच तिनं तोंड खाडीकडे फिरवलं. कुमुदनं तिला हाक मारली नाही. तिनं पदर खोचला आणि भामाला लवकर उठता यावं म्हणून जरा भरभर चालू लागली.